रजा मिळेल का?

आत्याचा फोन सहसा रविवारी सकाळी येतो. त्यामुळे बुधवारी रात्री साडेनऊला मोबाईलवर तिचं नाव दिसलं तेव्हा पोटात गोळाच आला. तारीख २९ ऑक्टोबर २०२५.

"अरे, युद्ध होणार आहे का?"

हॅलो नाही, कसा आहेस नाही. एकदम हेच.

झालं होतं असं की आपल्या तिन्ही दलांचा 'त्रिशूल' नावाचा मोठा सराव दुसऱ्या दिवसापासून राजस्थान-गुजरातच्या सीमेवर सुरू होणार होता. त्यावर पाकिस्तानने आपल्या आकाशातले काही हवाई मार्ग दोन दिवस बंद केले होते. टीव्हीवर नकाशे, बाण, लाल वर्तुळं आणि पाठीमागे ढोल वाजल्यासारखं संगीत. आत्याचा नातू, म्हणजे माझ्या आतेभावाचा मुलगा, राजस्थानातच आहे. त्याचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं. मुलगी बारामतीची, कार्यालय बारामतीत, आणि कार्यालयवाला अर्धे पैसे आत्ताच मागत होता. आत्याचा खरा प्रश्न युद्धाचा नव्हताच. पोराला रजा मिळेल का, आणि पैसे भरायचे का, हा होता.

"मामांना विचार की," मी म्हटलं. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.) मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. आता नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, अंथुर्ण्याच्या पुढे, ऊस करतात.

"त्यांना काय विचारायचं? ते म्हणतात काही होत नसतं. सत्त्याऐंशी साली पण पत्रात हेच लिहिलं होतं त्यांनी."

त्या पत्राची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण या विषयावर माझं जे काही मत आहे ते तिथून सुरू होतं.

१९८७ चा जानेवारी. मी बारामतीत पाचवीत होतो. आत्या दोन पोरांना घेऊन एसटीने आमच्या घरी आली आणि पिशवीतून एक आंतर्देशीय पत्र काढून अण्णांच्या हातात दिलं. रजा रद्द झाली, सराव चालू आहे, काळजी नसावी, पोरांना अभ्यासाला बसवणे. एवढाच मजकूर. आजीने ते ऐकलं आणि देव पाण्यात घातले. तिच्या हिशेबाने १९६५ आणि १९७१ या दोन्ही वेळी आधी रजाच रद्द झाल्या होत्या, तेव्हा यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. अण्णा रोज पेपर वाचून दाखवत आणि सांगत, अहो, सराव आहे, मोठा आहे इतकंच. आजीचं उत्तर ठरलेलं: "सरावाला कोणी एवढा संसार घेऊन जातं का?"

आजी अडाणी होती, पण हाच प्रश्न त्याच दिवसांत इस्लामाबादमध्ये मोठमोठे जनरल विचारत होते. हे मला कळायला पुढे पंधरा वर्षं गेली.

त्या सरावाचं नाव 'ब्रासटॅक्स'. लष्करप्रमुख जनरल सुंदरजी यांची ती कल्पना. १९८६ च्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने चाललेला, आणि शेवटचा टप्पा राजस्थानच्या वाळवंटात. किती सैन्य होतं याचे आकडे दीड लाखापासून चार लाखांपर्यंत कुठलेही वाचायला मिळतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सर्वांत मोठ्या सरावांपैकी एक, असं त्याचं वर्णन केलं जातं. आता सीमेच्या पलीकडे बसून बघा. शेजाऱ्याने रणगाडे, तोफा, रसद सगळं तुमच्या सिंधसमोर आणून ठेवलंय. सिंधमध्ये तुमच्याच सरकारविरुद्ध असंतोष आहे. सोळा वर्षांपूर्वी याच शेजाऱ्याने तुमचा अर्धा देश वेगळा होताना मोठा हातभार लावलाय. तो म्हणतोय, सराव आहे. तुम्ही विश्वास ठेवाल?

पाकिस्ताननेही त्याच हिवाळ्यात आपले सराव केले, 'सफ-ए-शिकन' आणि 'फ्लाइंग हॉर्स'. ते संपले. आणि संपल्यावर त्यांच्या चिलखती दलाच्या राखीव तुकड्या छावण्यांत परत गेल्याच नाहीत. उलट सरकून पंजाबच्या समोर आल्या. त्यांच्या बाजूने हे शहाणपणाचं होतं, कारण समोर ब्रासटॅक्स उभा होता. आपल्या बाजूने बघितलं तर पंजाब आधीच पेटलेला, आणि शेजारी त्याच्या तोंडाशी रणगाडे घेऊन बसलेला. २३ जानेवारीच्या सुमारास आपण घाईघाईने पंजाबच्या सीमेवर सैन्य हलवलं, काही तर विमानांनी. दुसऱ्याच दिवशी राजीव गांधींनी वि. प्र. सिंग यांना अर्थखात्यातून उचलून संरक्षणखात्यात बसवलं. त्याच्या काहीच दिवस आधी परराष्ट्र सचिवांना भर पत्रकार परिषदेत घालवलं होतं. म्हणजे शेजारी काय करतोय हे ज्यांनी ओळखायचं, त्यांच्याच खुर्च्या त्या आठवड्यात हलत होत्या. हे वाचताना मला आजही घाम फुटतो.

युद्ध झालं नाही. ४ फेब्रुवारीला दोन्ही देशांत सैन्य टप्प्याटप्प्याने मागे घ्यायचं ठरलं. त्याच महिन्यात झिया उल हक क्रिकेट बघायला जयपूरला आले. मामा एप्रिलमध्ये घरी आले ते कोळशासारखे काळे होऊन, आणि सरावात काय केलंत असं विचारल्यावर म्हणाले, "पाणी वाहिलं."

ते खरंच होतं. मामा एएससीत, म्हणजे रसद पोचवणाऱ्या दलात ड्रायव्हर होते. १९७१ मध्ये ते नवे भरती झालेले, पश्चिम आघाडीवर गाडी चालवलेली. त्यामुळे लढाई आणि सराव, दोन्ही त्यांनी स्टीअरिंगच्या मागून बघितलेत. या विषयावर मी जी पुस्तकं-लेख वाचले त्या सगळ्यांपेक्षा मला पटलेलं वाक्य त्यांचं आहे. मागे एकदा उसाच्या बांधावर बसून म्हणाले होते, "सरावात डिझेलचा हिशोब लिटरला मागतात. लढाईत कोणी मागत नाही."

आणि पुढे अर्थातच उसावर आले. "कारखान्याचं बॉयलर पेटलं, पुढाऱ्याने मोळी टाकली, फोटो आला पेपरात. म्हणून माझ्या फडाला तोड आली का? मुकादमाने उचल किती घेतलीय, कोयते बीडवरनं निघालेत का, ते बघायचं. पैसा जिथे गुंतला तिथे खरं."

इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. गाळप कधी सुरू होणार याच्या घोषणा आपण ऐकतो आणि विसरतो. टोळ्या येऊन त्यांच्या खोपी पडल्या की मग घरात हालचाल सुरू होते. शेजारी देशाच्या सरावाकडेही असंच बघावं, असं माझं मत आहे. रणगाडे किती, विमानं किती, हे म्हणजे मोळी. ती दाखवण्यासाठीच असते. सरावाला ज्याची गरज नाही आणि लढाईला आहे, अशी महागडी गोष्ट हलतेय का? रक्ताच्या पिशव्या सरावाला लागत नाहीत. २०२२ च्या जानेवारीत रशियाने युक्रेनच्या सीमेजवळ रक्ताचा साठा नेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ज्यांनी त्या गंभीरपणे घेतल्या त्यांचा अंदाज बरोबर निघाला. बाकी भलेभले लोक, त्यात मीही, 'दबाव आणण्यासाठी चाललंय' असं म्हणत बसलो.

दुसरी खूण म्हणजे आजीची. सराव संपल्यावर फौज घरी जाते का? १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात सरावासाठी जूनमध्ये आल्या. सराव संपला तरी रेंगाळत राहिल्या, आणि ऑगस्टमध्ये रणगाडे प्रागमध्ये शिरले. २०२२ मध्ये बेलारूसमधला संयुक्त सराव २० फेब्रुवारीला संपायचा होता. त्या दिवशी जाहीर झालं की तो पुढे चालू राहील. २४ ला युद्ध. आपल्याकडे २०२० मध्ये तिबेटच्या बाजूला सरावाला आलेल्या चिनी तुकड्या छावणीत परतण्याऐवजी लडाखच्या ताबारेषेकडे वळल्या, आणि जूनमध्ये गलवानला आपले २० जवान गेले.

इथपर्यंत आलो की वाटतं, सापडली किल्ली. पण १९८७ मध्येही फौजा घरी गेल्या नव्हत्या, आणि युद्ध झालं नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर 'पराक्रम' मोहिमेत आपण सगळी फौज सीमेवर नेली. रजा रद्द, दारूगोळा पुढे, सुरुंग पेरलेले, आगगाड्या भरभरून रणगाडे. मामांची खूण, आजीची खूण, सगळ्या खुणा जुळत होत्या. दहा महिने उभे राहून फौज परत आली. आणि कारगिलच्या आधी? १९९९ च्या फेब्रुवारीत वाजपेयी बसने लाहोरला गेले होते. एकही मोठा सराव नव्हता, आणि मे महिन्यात शिखरांवर लोक बसलेले सापडले.

उलटाही धोका आहे. इजिप्तने सुएझच्या काठावर इतक्या वेळा सराव केले की इस्रायलला त्याची सवय झाली. १९७३ च्या मे महिन्यात इस्रायलने घाबरून राखीव सैन्य बोलावलं, खर्च झाला, काहीच झालं नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तसाच सराव सुरू झाला तेव्हा त्यांनी खांदे उडवले. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पोराची चूक म्हणून शिकवतो. लांडग्याच्या बाजूने ती कोणी सांगत नाही.

मग शेजाऱ्याचा सराव बघून काही ओळखताच येत नाही का? येतं, पण जे ओळखता येतं ते म्हणजे तो काय करू शकतो. तो काय करणार आहे हे त्याच्या रणगाड्यांवर लिहिलेलं नसतं, आणि पुष्कळदा त्यालाही अजून ठरवायचं असतं. सुंदरजींच्या मनात सरावापलीकडे काही होतं का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. घरच्या लोकांना चाळीस वर्षं होत आली तरी उलगडलं नाही ते शेजाऱ्याला आठ दिवसांत कसं उलगडावं? शिवाय तो जे करणार ते बरंचसं तुम्ही काय करता त्यावर असतं. तुमचं सावध होणं हीच त्याच्यासाठी खूण. १९८७ मध्ये दोघंही एकमेकांकडे बघून सावध होत गेले, आणि प्रत्येक पावलाला समोरच्याची भीती खरी ठरत गेली.

म्हणून मला वाटतं, ओळखण्याच्या हुशारीपेक्षा विचारण्याची सोय जास्त महत्त्वाची आहे. हे म्हटलं की मित्र मला भाबडा ठरवतात. पण १९९० मध्ये काय झालं ते बघा.

आदल्या डिसेंबरात पाकिस्तानने 'झर्ब-ए-मोमिन' केला होता. सुमारे दोन लाख सैन्य, त्यांचा तोपर्यंतचा सर्वांत मोठा सराव. ब्रासटॅक्सला उत्तरच म्हणा. इकडे काश्मीर पेटलं. राजस्थानात महाजनच्या मैदानावर सरावाला गेलेले आपले रणगाडे तिथेच आहेत, याची पाकिस्तानला धास्ती. आपल्याला त्यांची धास्ती. पंतप्रधान वि. प्र. सिंग, म्हणजे सत्त्याऐंशीत ऐन गोंधळात संरक्षणखात्यात आलेले तेच. त्या वेळी दोन्ही सरकारांनी अमेरिकन दूतावासांतल्या लष्करी अधिकाऱ्यांना फिरून बघायला परवानगी दिली. ते गाडीने गेले, डोळ्यांनी बघितलं, आणि हल्ल्याची तयारी दिसत नाही असं सांगितलं. दोन्ही बाजूंना एकच निरोप. मे महिन्यात अमेरिकेचे रॉबर्ट गेट्स दोन्ही राजधान्यांत येऊन गेले ते जास्त गाजलं, पण माझ्या मते खरं काम त्या गाडीतल्या माणसांनी केलं. बांधावरून भांडण झालं की गावातला तिसरा माणूस जाऊन दगड कुठे आहे ते बघून येतो, तसं.

त्यानंतर ६ एप्रिल १९९१ ला दिल्लीत भारत-पाकिस्तानच्या परराष्ट्र सचिवांनी एका करारावर सह्या केल्या. लष्करी सरावांची आगाऊ सूचना देण्याचा करार. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा इतका रुक्ष कागद इतका आवडू शकतो याचं नवल वाटलं. डिव्हिजन पातळीचा सराव असेल तर ३० दिवस आधी कळवायचं, कोअर पातळीचा असेल तर ६० दिवस, त्याहून मोठा असेल तर ९० दिवस. आणि त्यात एक अट अशी की मोठ्या सरावातल्या मुख्य सैन्याचा रोख समोरच्या देशाकडे असता कामा नये. शिवाय सरावाबद्दल शंका आली तर खुलासा मागायचा हक्क. ब्रासटॅक्सच्या वेळी दोघांना ज्या-ज्या गोष्टींनी घाबरवलं होतं, त्या एकेक करून तिथे बांधून टाकल्या आहेत.

ऑगस्ट १९९२ मध्ये या कराराला मंजुरी दिल्याची कागदपत्रं दोन्ही देशांनी एकमेकांना दिली, तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री शरद पवार होते. आमच्या बारामतीचे खासदार. त्या काळात गावात साहेब संरक्षणमंत्री झाल्याचं केवढं कौतुक होतं! पानाच्या टपरीवर लोक मिग आणि बोफोर्सबद्दल अशा थाटात बोलत की जणू ती सोमेश्वर किंवा माळेगाव कारखान्याच्या ताब्यात आहेत. पण त्या कौतुकात या कराराचं नाव मी कधी ऐकलं नाही. करार पवारांनी केला असंही नाही, सह्या झाल्या तेव्हा ते मुंबईत मुख्यमंत्री होते. मुद्दा एवढाच की आपल्या माणसाच्या कारकिर्दीत तोफांपेक्षा उपयोगी असा एक कागद लागू झाला आणि आम्हाला पत्ताही नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये ते चीनला जाऊन आले. भारताच्या संरक्षणमंत्र्याची चीनला ती पहिलीच भेट. पुढे १९९६ मध्ये चीनशीही तसा करार झाला. ताबारेषेजवळ १५,००० च्या वर सैन्याचा सराव टाळायचा, ५,००० च्या वर असेल तर आधी कळवायचं.

लगेच कोणी म्हणेल, मग २०२० मध्ये त्या कागदाचं काय झालं? बरोबर आहे. कागद लडाखमध्ये आडवा आला नाही. पण कागदाचा एक उपयोग तेव्हाही होता. कळवायला हवं होतं आणि कळवलं नाही, हीच खूण. नियम नसता तर तीही मिळाली नसती. ती वेळेवर कोणी आणि किती गंभीरपणे वाचली, हा वेगळा आणि जास्त दुखरा प्रश्न आहे.

पाकिस्तानबाबतीत आता आणखी अवघड आहे. पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, आपण सिंधू पाणीकरार स्थगित केला आणि त्यांनी सिमला करारासकट सगळे द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे असं जाहीर केलं. आणि मे महिन्यात आपण काय केलं तेही प्रामाणिकपणे आठवू या. ७ मेच्या रात्रीपासून राजस्थान सीमेवर हवाई सराव होणार अशी वैमानिकांसाठीची सूचना, नोटॅम म्हणतात ती, आदल्या दिवशी निघाली. ७ मेलाच देशभर २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम जाहीर झाली होती. प्रत्यक्ष हल्ला ७ मेच्या पहाटे एकच्या सुमारास, त्या सरावाची वेळ उजाडण्याआधीच झाला. मला त्याबद्दल तक्रार नाही. ज्या कारणासाठी हल्ला केला ते कारण खरं होतं. पण यापुढे आपण 'सराव आहे' म्हटलं की पलीकडचा माणूस ७ मे आठवणार, हे धरून चालायला हवं.

मामांची खूण मात्र तेव्हा चोख निघाली होती. मेच्या सुरुवातीलाच चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या आयुध निर्माणीत कामगारांच्या रजा रद्द झाल्याची बातमी आली होती. टीव्हीवर रणगाड्यांचे नकाशे चालू होते आणि ही बातमी पट्टीत खालून सरकून गेली. डिझेलचा हिशोब मागणं बंद झालं होतं, असंच म्हणायचं. आमचा पोरगा तेव्हा यात्रेला रजेवर आलेला. ८ मेला त्याला परत बोलावलं. आत्याने डबा बांधून दिला आणि तीन दिवस फोन हातातून सोडला नाही. १० मेला दुपारी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि त्या संध्याकाळी थांबलं. बाकी सगळी दारं बंद होती, तो एक फोन चालू होता.

तर आता आत्याचा प्रश्न. २९ ऑक्टोबरच्या रात्री मी तिला काय सांगणार?

मी एवढंच बघितलं. आपला सराव आधी जाहीर झालेला होता, ३० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर अशी तारीख होती. पाकिस्तानने आकाश बंद केलं ते मोजक्या मार्गांचं आणि मोजक्या वेळाचं. दोन्हीकडे शेवटची तारीख लिहिलेली. हल्ला करणारा सहसा परतीचं तिकीट दाखवत नाही. (मेमध्ये आपण दाखवलं होतं, हे माहीत असूनही म्हणतोय.) दारूगोळ्याच्या कारखान्यात काही हालचाल नाही. आणि मुख्य म्हणजे पोराने स्वतः सांगितलं होतं की डिसेंबरच्या रजेचा अर्ज घेतलाय, नाकारलेला नाही.

"होणार नाही असं वाटतं," मी म्हटलं. "सरावातून तरी नाही. दुसरीकडून काही पेटलं तर सांगता येत नाही."

"म्हणजे पैसे भरू का नको?"

"तारीख सोडू नका. पण अर्धे भरू नका, विसार म्हणून थोडे द्या. १० तारखेला सराव संपतोय. पोरगं छावणीत परत गेलं की उरलेले भरा."

मला माझ्या उत्तराचा जरा अभिमानही वाटला. कार्यालयवाला कुरकुरला, पण ऐकलं त्याने.

आणि १० नोव्हेंबरला संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला.

त्या रात्री आत्याचा फोन आला नाही. मीच केला. तिने उचलला आणि काही बोललीच नाही. मागे टीव्हीचा आवाज येत होता. मग मामांनी फोन घेतला. "काय रे, आता?" म्हणाले. या माणसाने मला प्रश्न विचारण्याची ही पहिली वेळ. मला उत्तर नव्हतं. बारा दिवस मी जिकडे बघत होतो तिकडे सगळं शिस्तीत पार पडलं होतं, आणि ज्या बाजूला कोणी बघत नव्हतं तिथून धूर निघाला होता. १९९९, २००१, २०२५ चा एप्रिल, दर वेळी ठिणगी सरावाच्या मैदानाबाहेरच पडलेली आहे. हे मला माहीत होतं, आत्याला मी म्हटलंही होतं, तरी हात गार पडले.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही खुणा बघत होतो. मामा आता रोज फोन करायचे. अमुक कारखान्यात रजा बंद झाल्यात का, रेल्वेच्या मालगाड्या लांबल्यात का, शेजारच्या गावातला एक जण बॉम्बे सॅपर्समध्ये आहे त्याला परत बोलावलंय का. त्याला बोलावलं नव्हतं. तो आरामात घराचा स्लॅब टाकत होता. मामांनी त्यावर पूर्ण भिस्त ठेवली आणि २० तारखेला उरलेले पैसे भरून टाकले, आत्याला न विचारता. त्यावरून घरात जे झालं ते मात्र सरावात मोडत नव्हतं.

पोराला वीस दिवसांची रजा मिळाली. लग्न झालं. आत्या कार्यालयाच्या दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती की रजा मिळाली ती सिद्धटेकच्या गणपतीमुळे. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू म्हणालास म्हणून नाही काही." मामा एका खुर्चीवर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. केटररने किती ताटांचे पैसे लावलेत आणि किती उठली, याचा हिशोब चालू होता.

पंगतीत नवरदेव वाढायला आला तेव्हा मी हळूच विचारलं, "सराव संपल्यावर तुम्ही सगळे मागे गेलात का रे?"

तो हसला. माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकली आणि म्हणाला, "काका, गरम आहे. जेवा."